आमची वाटचाल: बिलावरचे पहिले दोन आकडे

मार्च 2018 चा शेवटचा आठवडा. बेळगावात खानापूर रोडला पत्र्याची कपाटं करणारे, हिशेब आणि कराची कामं पाहणाऱ्या आमच्या कार्यालयाचे एक जुने गिऱ्हाईक. त्यांची बिलं चाळताना माझा हात थांबला. चंदगडच्या दुकानदाराला जुलैपासून दर महिन्याला टेम्पो भरून माल गेला होता आणि प्रत्येक बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकलेल्या मालावरचा कर लावलेला. चंदगड म्हणजे त्यांना शेजारच; सोयरीक तिथली, बाजारहाट बेळगावचा. पण त्या दुकानदाराच्या जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे 27, म्हणजे महाराष्ट्र. आपले 29, म्हणजे कर्नाटक. राज्याबाहेर माल पोचवला की आयजीएसटी लागतो.

दर महिन्याची विवरणपत्रं आमच्याच कार्यालयातून गेली होती. आम्ही बेरजा ताडून पाहिल्या, ते दोन आकडे पाहिले नाहीत. चूक आमची होती, आणि तसं मी त्यांना समोर बसवून सांगितलं. आयजीएसटी नव्याने भरावा लागला. आधी भरलेल्या कराचा परतावा मागता येतो आणि अशा चुकीवर व्याजही लागत नाही. पण परतावा हातात पडेपर्यंत दिवाळी उजाडली, तोवर त्यांचं खेळतं भांडवल अडकून पडलं. तिकडे चंदगडच्या दुकानदारालाही कर्नाटकच्या कराची वजावट मिळेना. दोघांचा जुना घरोबा त्या वर्षी ताणला गेला.

बेळगावच्या शहापुरात कापड दुकानाच्या माडीवर हे कार्यालय मी 2006 मध्ये सुरू केलं. त्याआधी एका कर वकिलांकडे कीर्द-खतावणी लिहायचे. 1 एप्रिल 2005 ला कर्नाटकात व्हॅट आला आणि रोजमेळाच्या वहीवर भागवणारे छोटे दुकानदार गोंधळून गेले. पोर्टल इंग्रजी, नोटीस कधी कन्नड, आणि माणूस आयुष्यभर मराठीत हिशेब लिहिलेला. त्याला त्याच्या भाषेत समजावणारं कुणीतरी हवं होतं. आमचं काम तिथून वाढलं. आज मी आणि तीन मुली मिळून ते सांभाळतो.

चंदगडच्या प्रकरणानंतर आम्ही मार्चची वाट पाहणं सोडलं. जानेवारीपासून एकेकाला बोलावतो. पहिला प्रश्न, माल कुठे कुठे जातो? कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. राज्याच्या मधल्या भागातल्या किराणावाल्याला ही अट कधी आडवी येत नसेल. आमच्याकडे सीमेपलीकडच्या गावात चार पोती पाठवली तरी येते. त्या योजनेत जायचं असेल तर नव्या वर्षासाठी 31 मार्चच्या आत कळवावं लागतं, म्हणून हा निर्णय फेब्रुवारीतच बसून घ्यायचा. रोखीचंही तसंच. एका दिवसात एका माणसाला 10,000 रुपयांच्या वर रोख दिली की तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. हे मार्चमध्ये कळून काय उपयोग? पैसे तर श्रावणातच गेलेले असतात. अंदाजी नफ्यावर, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून आयकर भरणाऱ्यांना मात्र आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकदम भरता येतो, तेवढी तारीख आम्ही फोन करून सांगतो.

मार्च 2024 मला विशेष आठवतो. नियम नवा होता. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल 15 दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं. मुदत टळून 31 मार्चला ते थकीत राहिलं, तर देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. वडगावचा एक मागवाला आणि त्याच्याकडून साड्या घेणारा खडे बाजारातला दुकानदार, दोघेही आमचेच. दुकानदार म्हणाला, ‘बाई, सणासुदीचा हिशेब सणानंतर, हीच आमची रीत.’ मी कागदावर दोन आकडे मांडले: बिल दिलं तर कर किती, नाही दिलं तर किती. वीस तारखेला मागवाल्याच्या खात्यात पैसे जमा झाले. एका कलमामुळे विणकराला वेळेवर दाम मिळताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

शिल्लक माल मोजायला मी अजूनही स्वतः जाते. लोक अंदाजाने आकडा सांगतात आणि नफा तिथेच चुकतो. गेल्या 31 मार्चला संध्याकाळी त्याच वडगावच्या मागावर गेले होते. सुताच्या पेट्या मोजल्या, तयार साड्या मोजल्या. चार मागांवर अर्धवट साड्या होत्या. ‘ह्या कशाला धरायच्या?’ म्हणून तो विचारू लागला. सूत लागलंय, मजुरी लागलीय, तेव्हा धरायच्याच. त्याने माग थांबवला, टेप आणली, आणि आम्ही चारही साड्या किती विणून झाल्यात ते मोजून वहीत लिहून घेतलं.