लसूणघासाच्या गाठी, दहावा आठवडा: मोजू नका, चिरून बघा

माव्याने लसूणघासाच्या मुळांवरच्या गाठींचं काही बिघडतं का, ते बघायला आज दोन कुंड्या उपटल्या, एक मावा येऊ नये म्हणून जाळीत ठेवलेली आणि एक उघडी. उघडीवर तीन आठवड्यांपासून मावा आहे. रोज बघताना जीव तुटतो, पण तुलना करायची म्हणून हात लावला नाही.

मुळं बादलीत बुडवून हलकेच हलवली. ओढून धुतली की गाठी तुटून मातीतच राहतात. मागच्या खेपेला तसंच झालं होतं. मोजल्या तर दोन्हीकडे गाठी जवळजवळ सारख्याच. तिथेच थांबलो असतो तर माव्याने मुळांचं काही बिघडत नाही, असं लिहून मोकळा झालो असतो.

मग ब्लेडने गाठी उभ्या चिरल्या. लसूणघासाची गाठ लांबट असते आणि टोकाकडून वाढत जाते. जाळीतल्या गाठी पांढरं टोक सोडलं तर बुडापर्यंत गुलाबी निघाल्या. माव्याच्या रोपावर मात्र गुलाबी भाग म्हणजे मधला अरुंद पट्टा, आणि बुडाकडचा अर्धा भाग हिरवट. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे गाठीतल्या प्राणवायू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. ते मोडलं की हिरवट छटा येते आणि तिथलं नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतलं नत्र रोपाला वापरता येईल असं करणं, थांबलेलं असतं.

हे काम करणारे गाठीतले रायझोबियम जिवाणू पानांनी पाठवलेल्या साखरेवर जगतात. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी (पेशीतल्या ऊर्जेचे रेणू) लागतात, आणि मावा सोंड खुपसतो ती नेमकी साखर वाहणाऱ्या नळीत! काही तुडतुडे तर ती नळीच तुंबवतात. मग पानाचं टोक पाचरीसारखं पिवळं पडतं. ते पिवळेपण बघून युरिया देऊ नका, ही कळकळीची विनंती. आयतं नत्र मिळालं की रोप गाठी पोसायचं कमी करतं आणि लुसलुशीत फुटीवर मावा आणखी माजतो.

एक खोट सांगायला हवी. आठ दिवसांपूर्वी दोन्ही कुंड्यांची कापणी केली होती. कापणीनंतर गाठी काही दिवस मंदावतातच, त्यामुळे सगळा दोष माव्यावर टाकता येणार नाही.

क्लोव्हर (लसूणघासासारखंच गाठी धरणारं चाऱ्याचं पीक) लावणाऱ्यांनी पानांच्या कडांना अर्धगोल खाचा दिसतात का, ते पाहावं. तो सिटोना सोंडकिडा. त्याच्या अळ्या थेट गाठीच पोखरतात. न्यूझीलंडमध्ये तो 1996 साली सापडला आणि 2006 पासून त्याच्यावर आयर्लंडची परजीवी गांधीलमाशी सोडली गेली.

उघड्या कुंड्यांत कालपासून मावा खाणारे ढालकिडे दिसताहेत. त्यांना राहू देतोय. पुढची जोडी तीन आठवड्यांनी उपटेन, मधे कापणी न करता.