तुम्ही विचारलंत म्हणून: समोरचं झाड आठ हजारांत, मग आमचं बावीस का?

एप्रिलमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडला, आतल्या एका कॉलनीत मी गुलमोहर काढला. ८,००० रुपये घेतले. काम चाललं होतं तेव्हा समोरच्या बंगल्यातल्या काकू गेटशी उभ्या राहून बघत होत्या. दुपारी आम्हा सगळ्यांना चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माळीदादा, आमच्याकडेही असाच आहे. तेवढाच उंच. परवानगीही आली आहे. तोही करून टाका." मी आत जाऊन झाडाभोवती एक फेरी मारली आणि २२,००० सांगितले.

"अहो, तेवढंच झाड! मग बावीस कसे?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. उभ्या उभ्या उत्तर नीट देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

काकूंचं म्हणणं खरं होतं. दोन्ही झाडं चाळीस फुटांच्या आसपास. पण पहिल्याच्या शेजारी प्लॉट मोकळा होता. बुंध्याला प्लॉटच्या बाजूने खाच घेतली, उलट बाजूने काप दिला, मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी राखली, वर बांधलेला दोर दोघांनी ताणला आणि झाड जिथे झोपवायचं तिथे झोपलं. लाकूड मालकांच्या भावाने शेतावर नेलं. माझा खर्च म्हणाल तर चढणाऱ्याचे २,५००, दोन गड्यांचे १,८००, कटरचं पेट्रोल, ऑइल आणि साखळीची झीज मिळून ५००. माझ्या हातात ३,२०० राहिले. दुपारी तीनला मोकळे झालो.

काकूंच्या झाडाला झोपायला जागाच नव्हती. एका बाजूला त्यांचा पत्र्याचा पोर्च, दुसरीकडे शेजाऱ्यांच्या गच्चीवर सोलर, समोर विजेच्या तारा आणि बुंध्यापासून चार फुटांवर सेप्टिक टँकचं झाकण. अशा जागी झाड पाडत नाहीत, उतरवतात. चढणारा वर जाऊन एकेक फांदी दोराला बांधतो, कापतो, खालचे दोघं दोर सैल सोडत ती जमिनीवर आणतात. मग दुसरी फांदी. खोडाचेही तसेच तुकडे. याला दोन दिवस लागतात. चढणाऱ्याचे ५,०००, खाली चार माणसं, त्यांचे ७,२००, कटरचे १,५००, टेम्पोच्या दोन खेपा ३,६००. झाले १७,३००. वर उरतात ४,७००. त्यातूनच काही फुटलं-तुटलं तर भरून द्यायचं.

हा भरपाईचा भाग मी शिकलो तो स्वतःचे पैसे घालून. सुरुवातीच्या काळात फोनवर ऐकूनच ३,००० सांगून बसलो होतो. सोसायटीतलं एक निलगिरीचं झाड, "साधंच आहे हो" असं वर्णन. गेलो तेव्हा बघितलं, पण शब्द दिलेला. एक फांदी दोर न बांधता सोडली, लहान वाटली म्हणून. ती खालच्या फांदीवर आपटून उसळली आणि शेजारच्या गच्चीवरच्या सोलरच्या काचनळ्यांवर गेली. नळ्या बदलायला ११,००० गेले. तेव्हापासून फोनवर आकडा सांगत नाही. फोटो पाठवला तरी नाही. फोटोत तारा दिसत नाहीत आणि शेजारी तर अजिबातच दिसत नाहीत.

उंचीवर भाव ठरतो असा समज आहे. मी जाडी आधी बघतो. फूटभर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका साधारण साठ-सत्तर किलो भरतो. दोन माणसं तो उचलून टेम्पोत टाकतात. तेवढ्याच लांबीचा पण दोन फूट जाडीचा ओंडका अडीचशे किलोंच्या पुढे जातो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं. तो उचलत नाहीत, पुन्हा कापावा लागतो.

त्यानंतर मी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा वाजवून बघतो. भरीव लाकूड ठक्क वाजतं, पोकळ असेल तर ढोलासारखं. गुलमोहर बाहेरून हिरवागार आणि आतून पोकळ, हे नेहमीचं. बुंध्याशी पंख्यासारखी कडक अळंबी उगवलेली दिसली की समजायचं, मुळाशी कूज लागली आहे. अशा झाडावर मी माणूस चढवत नाही, कुणी कितीही पैसे देवो. हायड्रा म्हणजे क्रेन मागवावी लागते, तिचं भाडं वेगळं, आणि गल्लीत ती वळली नाही तर काम होत नाही असं स्पष्ट सांगतो.

नारळाला लोक सगळ्यात कमी पैसे देऊ करतात, कारण फांद्या नाहीत. पण फांद्या नाहीत म्हणजे दोर अडकवायलाही काही नाही. खोडाचे धागे कटरची साखळी बोथट करतात आणि ते लाकूड फुकटही कुणी नेत नाही.

आता लाकडाचं. "लाकूड तुम्हीच न्या, मग पैसे कसले?" हे वाक्य ऐकलं नाही असा महिना जात नाही. साग असता तर मीही काही बोललो नसतो. गुलमोहराचं लाकूड जळणापलीकडे कामाचं नाही, आणि जे विकतं ते पोचवायचा टेम्पो माझाच. बंगल्यातल्या झाडाला तर वखारवाला हातच लावत नाही. कपड्यांच्या दोरीचे खिळे, पाळण्याचा हूक, गणपतीच्या लायटिंगची तार, सगळं वर्षानुवर्षं सालीखाली गेलेलं असतं. कटर त्यावर लागला की ठिणगी उडते आणि साखळी गेली.

बुडखा काढायचे पैसे वेगळे असतात, हेही आधीच सांगतो. जमिनीलगत कापून देणं एक आणि मुळासकट उपसणं दुसरं. पहार-कुदळीने दोन माणसं दिवसभर खणतात, आणि पाण्याची लाइन बहुतेक त्या मुळांतूनच गेलेली असते. तिथे घाई केली की प्लंबरही माझ्याच खर्चाने येतो.

कागदाचा विषय राहिला. शहरी भागात १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड आपल्या अंगणातलं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, जागेवर पाहणी, झाडावर नोटीस, हरकती, हे सगळं आलं. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं झाड हेरिटेज मानलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं भरपाई म्हणून लावायची. हे ऐकल्यावर काही जण झाड एकदम पंचवीसचं करून टाकतात. "रविवारी सकाळी लवकर उरकून टाका, जादा देतो" म्हणणारेही भेटतात. तिथे भाव सांगायचा प्रश्न येत नाही, मी निघतो.

खरं तर निम्म्या ठिकाणी झाड काढायची गरजच नसते. पानं पडतात, गाडीवर कावळे घाण करतात, एवढंच दुखणं. चार फांद्या कमी केल्या की भागतं. त्यालाही परवानगी लागते, पण खर्च कितीतरी कमी. माझं उत्पन्न घटतं हे कळतं मला, तरी सांगतो. अंगणातली सावली गेल्यावर त्याच माणसाचा जूनमध्ये फोन येतो, "भरभर वाढणारं काही आहे का?"

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बारा हजारांत दुसऱ्याला काम दिलं. माझी तक्रार नाही, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. त्याने काम तसं व्यवस्थितच केलं, पोर्चच्या पत्र्याला एक पोचा सोडला तर. पण बारा हजार फक्त कापायचे होते. आठवड्याने काकूंचा फोन आला, "नुसतं उचलायचं आहे हो."

गेलो तर गेटच्या आत गाडी शिरायला जागा नाही, एवढा ढीग. मी ७,००० सांगितले.

"नुसतं उचलायचे सात?"

ढिगाच्या कडेला बुंध्याचा ओंडका होता. दोन फूट जाड, चार फूट लांब, तीनशे किलोंच्या घरातला. म्हटलं, "काकू, हा जरा हलवून बघा."

त्यांनी चपलेने ढकलून पाहिला. मग काकांना हाक मारली. काकांनीही ढकलून पाहिला.

"उद्या सकाळी या," काकू म्हणाल्या. "आणि ते कटर घेऊनच या."