हात मागे टाकून

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका संध्याकाळी पाच-सहा मुले कमरेतून पुढे वाकून, मान वर ठेवून आणि दोन्ही हात पाठीमागे सरळ ताणून पळताना दिसली, तेव्हा ती विमाने झाली असावीत असे मला वाटले. विमान होण्याचा खेळ आम्हीही खेळलो आहोत. पण त्यात हात दोन्ही अंगांना पसरावे लागत आणि तोंडाने घरघर करणे सक्तीचे असे. ही मुले मात्र मुकाट्याने, दातओठ खात, उभ्या दुचाक्यांच्या रांगांमधून नागमोडी पळत होती. सुट्टीसाठी आमच्याकडे आलेला माझा नऊ वर्षांचा भाचाही त्यांच्यात होता. तो घामाघूम होऊन वर आल्यावर मी चौकशी केली.

“मामा, नारुटो रन आहे ती.”

“तू वाचलंयस ते पुस्तक?”

“नाही.”

“मग कार्टून पाहिलंस?”

“थोडंसं. पण ते सगळ्यांना येतं.”

हे ‘सगळ्यांना येतं’ माझ्या डोक्यात राहिले. मूळ जपानी उच्चार ‘नारुतो’ आहे आणि आपल्या लिपीला तो ‘त’ बिनचूक लिहिता येतो. तरीही आमच्या पार्किंगमधल्या पोरांच्या तोंडी ‘नारुटो’च बसला आहे, यावरून हा पाहुणा कोणत्या वाटेने घरात शिरला हे कळते. तो टोकियोहून थेट आलेला नाही. इंग्रजी चित्रफिती, हिंदी बोलणारी पात्रे, कुणाच्या तरी मोठ्या भावाचा मोबाइल आणि शेवटी शाळेचे मैदान, असे मुक्काम करत तो आला आहे.

मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ ही चित्रकथा ‘शोनेन जम्प’ या जपानी साप्ताहिकात १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे चालली. सातशे प्रकरणे, ७२ खंड. पोटात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा कोंडलेला, गावाने वाळीत टाकल्यासारखा वागवलेला नारुतो नावाचा एक अनाथ पोरगा गावाचा प्रमुख होण्याचे स्वप्न पाहतो, एवढ्या सुतावरून हा स्वर्ग गाठलेला आहे. त्या पळण्याचे गारूड मात्र पुस्तकाचे नसून २००२ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या चलत्‌चित्र मालिकेचे आहे, असे मला वाटते. कारण छापील पानावर पळणारा माणूस शेवटी थिजलेलाच असतो. पडद्यावर झाडांच्या फांद्यांवरून झेपावत जाणारी, वाऱ्यात सोडलेल्या उपरण्यासारखे हात मागे टाकलेली ती मुले एकदा पाहिली, की हातपाय आपोआप शिवशिवतात.

वास्तविक पळण्याच्या दृष्टीने ही रीत गैरसोयीचीच म्हणावी लागेल. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात पुढे जातो आणि धडाला बसणारा पीळ त्यामुळे सावरला जातो, हे शरीराचे जुने गणित आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये माणसांना हात वेगवेगळ्या तऱ्हेने धरून पळायला लावले, तेव्हा हात पाठीमागे बांधून पळणाऱ्याला सुमारे तीन टक्के आणि डोक्यावर ठेवून पळणाऱ्याला सुमारे तेरा टक्के अधिक शक्ती खर्चावी लागते असे दिसले. पाठीमागचे ते तीन टक्के मी भाच्याला सांगितले. “पण फास्ट वाटतं ना!” असे म्हणून त्याने विज्ञान निकालात काढले.

या ‘वाटण्या’चा कळस अमेरिकेत झाला. नेवाडातल्या वाळवंटात ‘एरिया ५१’ नावाचा गुप्त हवाई तळ आहे आणि तेथे परग्रहवासी दडवून ठेवले आहेत अशी तिकडची लाडकी वदंता आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात कुणीतरी फेसबुकवर गमतीने आवाहन केले, की आपण सगळे मिळून या तळावर चालून जाऊ. नारुतोसारखे पळालो, तर त्यांच्या गोळ्यांपेक्षाही वेगाने पळू. वीस लाखांहून अधिक लोकांनी ‘येतो’ म्हणून कळवले. २० सप्टेंबरला पहाटे फाटकापर्यंत पोचणारे शे-दीडशेच निघाले. पण वार्ताहर कॅमेऱ्यासमोर गंभीर चेहऱ्याने बोलत असताना त्याच्या पाठीमागून एक तरुण पुढे वाकून, हात मागे टाकून पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पळत गेला आणि त्या साऱ्या प्रकरणातले लोकांच्या लक्षात राहिलेले दृश्य तेवढेच. ते आवाहन वाचून हसलेल्या वीस लाखांपैकी किती जणांनी ते ७२ खंड उघडले असतील? फार थोड्यांनी, आणि त्यावाचून कुणाचे अडले नाही.

आपले तरी कुठे अडते? चहा सोडण्याची भीष्मप्रतिज्ञा करणाऱ्याने आदिपर्व वाचलेले नसते, आणि दुपारी दोन तास झोपणाऱ्याला कुंभकर्ण म्हणणारी गृहिणी युद्धकांडाचा आधार देत बसत नाही. (‘शकुनीमामा’ हे संबोधन मीही घरात ऐकून घेतलेले आहे.) गोष्ट पुरेशी मोठी झाली, की तिचे तुकडे सुटे होऊन चलनी नाण्यासारखे फिरू लागतात. नारुतोची अशी नाणी पुष्कळ आहेत. ज्याला कोणतीच मंत्रविद्या येत नाही असा रॉक ली नावाचा कष्टाळू मुलगा गुरूच्या परवानगीने पायांना बांधलेली वजने सोडून खाली टाकतो आणि ती पडताच जमीन फुटून धुरळा उडतो, हे दृश्य आता दप्तर खोलीत भिरकावणारा कोणताही शाळकरी मुलगा स्वतःला लावून घेतो. मालिका संपल्यावर नायकाच्या मुलाची, बोरुतोची, मालिका निघाली, तेव्हा जुन्या वाचकांनी नायकाचा उल्लेख ‘बोरुतोचा बाप’ असा करून नव्या पिढीला चिडवण्याचा एक विनोदच रूढ केला. लेकरांच्या नावाने ओळखले जाण्याचे दुःख आमच्या सोसायटीतल्या आयाबापांना नवे नाही, त्यामुळे तो विनोद मला न समजावता कळला.

या साऱ्यांत माझे आवडते नाणे म्हणजे ‘टॉक नो जुत्सु’. टॉक हा इंग्रजीतलाच, ‘नो’ म्हणजे जपानीत ‘चा-ची-चे’ आणि जुत्सु म्हणजे विद्या किंवा कौशल्य. नारुतो पुष्कळदा आपल्या शत्रूशी हाणामारी करून झाल्यावर त्याच्याशी असे काही कळवळून बोलतो, की तो शत्रू पाघळून आपला मार्ग सोडतो. चाहत्यांनी या बोलण्याच्या सवयीला चेष्टेने विद्येचा दर्जा देऊन टाकला. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन मजले एकमेकांवर तुटून पडलेले असताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाच मिनिटे मृदू आवाजात बोलून सर्वांना खाली बसवले, तेव्हा मागच्या रांगेतला कॉलेजचा मुलगा हेच शब्द पुटपुटला आणि त्याच्या शेजारचे तिघे खुदकन हसले. काकूंना वाटले, त्यांच्या साडीला काही लागले आहे.

बाजाराने हात धुऊन घेतले नसते तरच नवल. २०२० मध्ये अभिनेता मायकल बी. जॉर्डन याने ‘कोच’ या कंपनीसाठी नारुतोच्या खुणा असलेले कपडे आणि बॅगा काढल्या. पुढच्याच वर्षी फोर्टनाइट या व्हिडिओ खेळात नारुतो आणि त्याचे साथीदार बंदुका घेऊन उतरले. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. त्याच जॉर्डनने २०२३ मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘क्रीड ३’ या चित्रपटातल्या मुष्टियुद्धामागे जपानी चलत्‌चित्रांची प्रेरणा असल्याचे सांगितले, हे मला अधिक मोलाचे वाटते. कारण तिथे नाव न घेता उसनवारी झाली आहे.

उसनवारीत नारुतो स्वतःही कमी नाही. मुळात नारुतो हे शिकोकू आणि आवाजी या बेटांमधल्या सामुद्रधुनीतल्या प्रसिद्ध भोवऱ्यांचे नाव. त्यावरून गुलाबी भोवरा असलेल्या माशाच्या पांढऱ्या वडीला ‘नारुतोमाकी’ म्हणू लागले. ही चकती रामेनच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या रश्शाच्या, वाडग्यात तरंगते आणि आपल्या सर्वांच्या मोबाइलमधल्या चित्रचिन्हांतही गुपचूप पडून असते. कथेत नायकाचे नाव त्याच्या जन्माआधी एका लेखकाला रामेन खाताना सुचलेले आहे, आणि ते ऐकून त्याची आई मनापासून खूश होते. नायकाचा मित्र सासुके याचे नाव शंभर वर्षांपूर्वी खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तिकांतून जपानी मुलांचा लाडका झालेल्या सारुतोबी सासुके या निंजाचे, म्हणजे जपानी गुप्तहेर योद्ध्याचे. गावामागच्या कड्यावर कोरलेले प्रमुखांचे चेहरे पाहून राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला अमेरिकेतला रशमोर पर्वत आठवतो.

आणि मग आपल्या ओळखीचे चेहरे भेटू लागतात. या कथेतल्या शक्तीचे नाव ‘चक्र’ आहे. ती जागवण्यासाठी ही मुले बोटे गुंफून ज्या खुणा करतात, त्यांचे मूळ जपानमधल्या मंत्रमार्गी बौद्ध पंथांच्या हस्तमुद्रांत, म्हणजे पर्यायाने आपल्याकडेच, पोचते. एका खलनायकाच्या सहा देहांना देव, असुर, मनुष्य, तिर्यक् (पशू), प्रेत आणि नरक या बौद्ध षड्गतींची, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा गतींची, नावे आहेत. ज्या ऋषीपासून हे सारे सुरू झाले, त्याच्या दोन मुलांची नावे इंद्र आणि असुर. त्यांतला थोरला इंद्र गर्विष्ठ निघतो, धाकटा असुर सर्वांना बरोबर घेऊन चालतो आणि बाप वारसा असुराला देतो. हे ऐकून माझी आई जपमाळ थांबवून म्हणाली, “इंद्राचं बरोबर आहे. तो पुराणातही तसाच आहे.”

गेल्या आठवड्यात मी या व्यवहारात थोडी भर घातली. कथेत जिराइया, ओरोचिमारु आणि त्सुनादे असे तीन थोर निंजे आहेत. पहिल्याकडे बेडूक, दुसऱ्याकडे साप आणि तिसरीकडे बिनशंखाची गोगलगाय. ही तिन्ही नावे आणि प्राणी एकोणिसाव्या शतकातल्या एका लोकप्रिय जपानी कथेतून आले आहेत, आणि त्याच तीन प्राण्यांचा हातांचा एक जुना खेळही आहे. अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी म्हणजे साप, करंगळी म्हणजे गोगलगाय. साप बेडकाला हरवतो, बेडूक गोगलगायीला, आणि गोगलगाय सापाला. आपल्या दगड-कागद-कात्रीचाच हा चुलत भाऊ. पार्किंगमध्ये पोरांना मी तो शिकवला. त्यांनी पळणे थांबवून गोल केला आणि दोन डावांतच भांडण उभे राहिले, कारण गोगलगाय सापाला हरवते हे कुणाला पटेना. मला उत्तर येत नव्हते. भाच्याने करंगळी पुढे धरून निवाडा दिला, “आजी म्हणते ना, गोगलगाय अन् पोटात पाय? सापाला पायच नाहीत.”

सर्वांना पटले. डाव पुढे सुरू झाला.