राधानगरीचा सहा नंबर

पावसाळ्यात कोल्हापुरात पेपरच्या डेस्कवरची रात्रपाळी म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरचे पंचगंगेच्या पातळीचे फूट-इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. बाकीच्या पानांकडं कुणाचं लक्ष नसतं.

त्या रात्री पंचगंगा ३७ वर होती. साडेदहाला ऑनलाइनची पोरं ओरडायला लागली. राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ आला होता, भारदस्त आवाजातल्या निवेदनासकट. शुद्धलेखन चोख, धोका पातळी बरोबर, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी हेही बरोबर. एकानं एआयलाच विचारलं, खरा आहे का? खरा वाटतो म्हणाला, वर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेल्याचं कळवलं. तो २०१९ च्या महापुराचा आकडा! पोरं तेही लावायला निघाली होती.

मी व्हिडिओ थांबवून दरवाजे मोजले. नऊ. राधानगरीला सात आहेत. शिवाय इथं ते एकदम, कवायतीसारखे वर चालले होते. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या भारानं एखाद-दुसरा उघडतो, पाणी उतरलं की आपला आपण मिटतो. बटण दाबायला तिथं कुणी बसलेलं नसतं. ही विद्या मी पोरांपुढं चांगली पाच मिनिटं पाजळली. दहाच्या सरकारी नोंदीतही सातही बंद होते. पहिल्या पानावर चौकट घेतली: ‘राधानगरीचे दरवाजे बंदच, व्हिडिओ बनावट’.

११.५० ला तिकडच्या वार्ताहराचा मेसेज आला. पंधरा सेकंदांचा काळोख, पाण्याचा घोंगावणारा आवाज, बॅटरीच्या उजेडाचा एक झोका. खाली ‘साहा नंबर उघाडला साहेब’. हा माणूस दिवसा खताचं दुकान चालवतो आणि आमच्यासाठी जाहिराती गोळा करतो. आम्ही त्याला महिन्याला काय देतो ते लिहायची लाज वाटते. ‘अफवा आहे, पुढं पाठवू नका,’ असं त्याला कळवलं आणि पान छपाईला सोडलं. फोनसुद्धा केला नाही.

सहा नंबर ११.३५ ला उघडला होता.

नऊ दरवाजांचा व्हिडिओ बनावटच होता, त्यात माझी चूक नाही. पण ‘बंदच’ मी कशाच्या जोरावर लिहिलं? व्हिडिओ खोटा, म्हणजे दरवाजे बंद, हे मीच परस्पर जोडलं. आणि दहाची नोंद पेपर दारात पडेपर्यंत आठ तासांची शिळी.

सकाळी धरणाखालच्या, भोगावती नदीकाठच्या एका गावातून फोन. “बंद हाय म्हणून छापलंसा, म्हणून म्हशी हलवल्या न्हाईत ओ. गुडघाभर पाण्यातनं काढल्या.” म्हशी वाचल्या होत्या. मी “हो, हो” करत राहिलो.

दुपारी वार्ताहराला फोन लावला. रात्रीचा विषय त्यानं काढलाच नाही.

“तीन आन् पाच बी उघडल्यात साहेब, लिहून घ्या.”

‘व्हिडिओ आहे का?’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि लिहून घेतलं.