आमची वाटचाल : कुंडईतील सोन्याचे कण

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत आम्ही गाळा घेतला तो गर्भचाचणीच्या पट्ट्यांसाठी सोन्याचे द्रावण पुरवायला. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात होते, यजमानांना यंत्रांची जाण होती. पुढे कोविड आला आणि घरोघरी लोकांनी रॅपिड टेस्टवरची लाल रेघ पाहिली. ती रेघ बहुतेक किटमध्ये सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. त्यानंतर आम्ही ठरवले की स्वतःची पट्टी काढायची, आणि ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीची.

हा रोग बहुधा मांसाच्या लहान कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. एवढा वेळ कर्करोग क्वचितच देतो. या काळात शौचातून डोळ्यांना न दिसणारे रक्त जाऊ शकते, तेच आमची पट्टी शोधते. शौचातले रक्त रसायनाने शोधणाऱ्या जुन्या ग्वायक चाचणीआधी मांसाहार टाळावा लागे. आमच्या पट्टीवरचे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक पदार्थालाच पकडणारी प्रथिने, माणसाच्याच हिमोग्लोबिनला चिकटतात, त्यामुळे आदल्या दिवशी ताटात मटण होते की मासळी, याने फरक पडत नाही. गोव्यात ही फार मोठी सोय आहे.

कण बनवण्याची मूळ रीत 1951 साली टर्केविच आणि सहकाऱ्यांनी मांडली. क्लोरोऑरिक आम्लाचे, म्हणजे सोन्याच्या संयुगाचे, पाणी उकळायचे आणि ढवळत त्यात सायट्रेट ओतायचे. फिकट पिवळा रंग आधी उडतो, मग निळसर काळपट होतो आणि काही मिनिटांत कोकमाच्या आगळासारखा लाल उतरतो. तो रंग उतरताना मी आजही काम सोडून पाहत राहते. आमचा कण सुमारे 40 नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीच्या साधारण दोन हजारावा भाग. किंचित मीठ पडले तरी कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण निळे पडते, म्हणून काचेची भांडी अम्लराजाने, म्हणजे सोनेही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणाने, धुतल्याशिवाय आम्ही हातात घेत नाही.

खरी कसोटी मात्र पावसाची. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, आणि प्रतिपिंड बसवलेले कण ज्या तंतुपट्टीवर सुकवतो तिला ओलावा सोसत नाही. दमट पट्टीवर रेघ फिकी येते, आणि फिकी रेघ म्हणजे कुणाचा तरी रोग नजरेतून सुटणे. म्हणून यंत्रांच्या आधी आम्ही कोरडी खोली उभी केली. तिथे आर्द्रता 30 टक्क्यांच्या आत राहते आणि वीज गेली की जनरेटर लगेच चालू होतो. मिळकतीचा मोठा वाटा त्या खोलीत जातो, आणि जायलाच हवा.

शिबिरांत बायका नमुन्याची डबी घ्यायला लाजतात. "जुनी मूळव्याध आहे ती, बाय," असे सांगून विषय संपवतात. मी तिथेच बसते. रक्त मूळव्याधीचे असू शकते, पण पन्नाशीपुढे ते गृहीत धरू नये. रेघ उमटली म्हणजे कर्करोग झाला असेही नाही. पुढची पायरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, आणि पॉलिप दिसला तर बहुतेकदा त्याच वेळी काढता येतो. रेघ नाही आली तरी ठरलेल्या मुदतीने चाचणी पुन्हा करायची.

सोन्याच्या कणांनी उपचार कधी होणार, हे लोक हमखास विचारतात. अवरक्त किरणांनी कण तापवून गाठ जाळायची किंवा औषध कणावर बसवून थेट गाठीत सोडायचे, यावर जगभर काम चालू आहे. पण 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचे प्रमाण मध्यकाने 0.7 टक्के निघाले. पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात. ते कोडे सुटावे असे मला मनापासून वाटते, पण आमच्या माहितीपत्रकात उपचाराचा शब्द येणार नाही.

सध्या रेघेचा गडदपणा मोजणाऱ्या लहान यंत्रावर काम चालू आहे, म्हणजे फिक्या रेघेचा निर्णय डोळ्यांवर राहणार नाही. पहिल्या चाचण्या मुद्दाम भर पावसात ठेवल्या आहेत.