आमची वाटचाल: नगांची वही

2008 साली सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सहा शिलाई मशिनी मांडल्या आणि शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं. सोलापूरचं नाव चादर-टॉवेलसाठी, पण त्याला माग लागतात, भांडवल लागतं. गणवेशाला कात्री, मशीन आणि जूनच्या आधी न झोपण्याची तयारी पुरते. चार वर्षांत चौदा बायका कामाला आल्या. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भाड्याने गाळा घेतला.

पगार नगावर. शर्टाचा दर वेगळा, फ्रॉकचा वेगळा, शनिवारी हिशेब. माझ्या रजिस्टरात नावापुढे नग आणि रुपये, बस्स. नगावर काम करणारी बाई नोकर थोडीच, तिची हजेरी कशाला लावायची, अशी माझी ठाम समजूत. धंद्यातल्या बऱ्याच जणांची आजही आहे.

2019 च्या ऑगस्टात कॉलर बसवणाऱ्या अक्का म्हणाल्या, "मालक, गुडघे चालंनात. माझा हिशेब करा." मी आठवड्याचे नग मोजायला घेतले. "तो नाही. ग्रॅच्युइटीचा."

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची, नोकरीच्या वर्षांवर मोजलेली रक्कम. मी हसलो. आता आठवून लाज वाटते.

लेबर कन्सल्टंटकडे गेलो, तो आपल्या बाजूने बोलेल म्हणून. त्याने पहिलंच विचारलं, कधी दहा माणसं होती का? होती की. मग ग्रॅच्युइटीचा कायदा लागू झाला, तो म्हणाला, आता आठवर आलात तरी सुटका नाही, आणि नगावरचा कामगारही त्यात येतो. मी माझा हुकमी एक्का टाकला: शाळा सुरू झाल्या की काम थंडावतं, अक्का घरी असतात, संक्रांतीला गड्डा यात्रेत आठवडाभर दिसत नाहीत. वर्ष धरायला 240 दिवस काम लागतं, ते भरतात कुठे?

दुसऱ्या दिवशी अक्कांनी पिशवीतून वह्या काढल्या. मशीनच्या तेलाचे डाग पडलेल्या, शिलाईच्याच दोऱ्याने बांधलेल्या. तारीख, पुढे नग, सगळं तेलुगूत. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांच्या नातीने वाचून दाखवलं. एकाही वर्षी दिवस 250 च्या खाली नव्हते. माझ्या रजिस्टरात तारखाच नव्हत्या, मी भांडणार कशावर?

शेवटच्या तीन महिन्यांत 78 दिवस काम, मिळालेले 35,100, म्हणजे रोजचे 450. नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे 6,750. नोकरी दहा वर्षे आठ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून गुणिले अकरा. 74,250 रुपये, तेही तीस दिवसांत. अक्कांची 18,000 उचल बाकी होती, ती यातून वळती करतो म्हटलं, तर कन्सल्टंटने मान हलवली. ग्रॅच्युइटीला उचलीसाठी हात लावता येत नाही. पैसे दिले. उचलीतले सात हजार अजून यायचेत.

त्या धसक्याने उरलेलं सगळं एकदम केलं. रोजची सहीची हजेरी, नेमणूकपत्रं, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. ईएसआयवर बायकांनीच गोंधळ घातला. 12,000 पगाराला त्यांचे 90 कापले जातात, माझे 390 जातात, पण ओरड नव्वदचीच. ती बंद झाली बटण-काज करणाऱ्या मुलीच्या बाळंतपणात. घरी बसून 26 आठवड्यांचे पैसे तिच्या खात्यात आले आणि ती बातमी मधल्या सुट्टीत डब्याबरोबर फिरली.

पीएफचं मात्र मी खूप लांबवलं. वीस माणसं झाली की पीएफ, म्हणून आम्ही एकोणीसवर थांबलेलो. विसावी बाई आली की तिला बायकोच्या नावाच्या दुसऱ्या फर्मवर दाखवायचं, अशी आयडिया शेजारच्या गाळेवाल्याने दिली होती. गाळा तोच, वीजमीटर तोच, मुकादम तोच. कुठलाही अधिकारी पाच मिनिटांत ओळखेल. गेल्या सीझनला हजेरीवर एकवीस सह्या झाल्या आणि पीएफचे 12 टक्के सुरू केले. दर वाढवून मागितल्यावर दोन शाळा सोडून गेल्या, एक परत आली.

अक्कांची नात आता कटिंगला आहे. पहिल्या दिवशी सही करून तिने हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. तेव्हापासून रोज काढते.