चार ट्रॅकचा काळ

गाण्यांचा सर्वांत चांगला काळ कोणता, या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार, हे बहुतेक वेळा त्याच्या जन्मसालावरून ओळखता येते. विशीच्या अलीकडेपलीकडे कानांवर पडलेली गाणी मनात घर करून बसतात आणि पुढचे सारे संगीत त्यांच्याच मापाने मोजले जाते. माझी पंचाईत अशी की, माझा आवडता काळ माझ्या जन्मापूर्वीच संपलेला आहे, त्यामुळे स्मरणरंजनाची सबब मला पुढे करता येत नाही. तो काळ म्हणजे साठचे दशक, आणि त्यातही चार ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रण होत असे ती मोजकी वर्षे.

चार ट्रॅक म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायला टेपवर फक्त चार पट्ट्या. त्या भरल्या की, सगळ्यांचे मिश्रण दुसऱ्या टेपवरच्या एकदोन पट्ट्यांत उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचे वाद्य किंवा गळा घ्यायचा. एकदा मिसळलेले सूर पुन्हा सुटे करता येत नसत. ड्रम किंचित मोठा राहिला, तर तो कायमचा मोठा. निर्णय पुढे ढकलण्याची सोयच नसल्याने त्या गाण्यांत एक ठामपणा आला आहे. घुमारा हवा असेल, तर कित्येक ठिकाणी खरोखरच एक रिकामी खोली वापरत, तिच्यात एका बाजूला स्पीकर आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन ठेवत. स्टिरिओ नवा असल्याने कधी कधी सारा ठेका डाव्या कानात आणि गायक उजव्या कानात असा विचित्र संसार मांडलेला आढळतो. हेडफोन लावून ऐकताना एका बाजूचा काढला, तर अर्धा वाद्यवृंदच नाहीसा होतो. मला हा कच्चेपणा फार प्रिय आहे.

त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांविषयी प्रेमापेक्षा आदर अधिक वाटतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत, म्हणून गाणे तेवढ्यात आटोपावे लागे. पुढे १९४८ मध्ये एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक जागा देणारी लाँग प्ले तबकडी आली, तरी लोकप्रिय गाण्याने ती तीन मिनिटांची सवय सोडली नाही.

ऐंशीच्या दशकाला नाके मुरडण्याची जी रीत आहे, ती मला अर्धीच मान्य आहे. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ या यंत्राचा ठेका खऱ्या ड्रमसारखा मुळीच वाजत नाही, आणि नेमके म्हणूनच तो मला आवडतो. त्याने नक्कल करण्याचा खटाटोप सोडून स्वतःचाच एक आवाज दिला. उलट १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरमधला तयार इलेक्ट्रिक पियानोचा आवाज जिकडेतिकडे, विशेषतः संथ प्रेमगीतांत, इतका वाजला की गाणी एकमेकांची जुळी भावंडे वाटू लागली. मात्र मला सर्वांत नावडता काळ त्यानंतरचा, नव्वदीच्या उत्तरार्धापासूनचा आहे. सीडीवर आपले गाणे इतरांपेक्षा मोठ्याने वाजावे, या अट्टहासापायी ध्वनीतले चढउतार दाबले गेले, आणि कुजबुज व आरोळी जवळजवळ एकाच उंचीवर येऊन बसली. ऐकताना कान थकतात.

गायकाचा ढळलेला सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या, १९९७ मध्ये आलेल्या ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरविषयी मी जरा जपून बोलतो. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हळुवार गाणे शक्य झाले, तेव्हाही ‘हे काय गाणे झाले!’ असे म्हणणारे होतेच. तरीही तक्रार उरतेच. तो उपाय सढळ हाताने वापरला की दोन स्वरांमधली मींड पुसली जाते, गळा पायऱ्या चढल्यासारखा सुरांवरून उड्या मारतो, आणि मला गाण्यातून हवी असते ती नेमकी मधली वाट. स्ट्रीमिंगच्या जमान्यात स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते; त्यामुळे सुरुवातीचा सावकाश वाद्यमेळ आखडता घेतला जात असेल, तर त्यात नवल नाही.

जुन्या काळातले टाकाऊ गाळून गेले आणि उत्तम तेवढे उरले, म्हणून तो काळ थोर वाटतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. म्हणून साठच्या दशकातली विस्मृतीत गेलेली गाणीही मी मुद्दाम ऐकतो. त्यांतली बरीचशी खरोखरच बेतास बात आहेत. शब्द उसने, चाल ओळखीची. पण एखाद्यात कडव्याच्या शेवटी ट्रंपेटवाल्याचा दम संपत येतो, सूर जरा डगमगतो आणि तसाच टेपवर राहून जातो. तेवढ्यासाठी ते सामान्य गाणे मी पुन्हा लावतो.